जळणारा बर्फ व तापणारी पृथ्वी

बर्फ आणि विस्तव यांचें हाडवैर लहान मुलासहि ठाऊक असतें. परंतु सृष्टीच्या भांडारांत असा एक पदार्थ आहे कीं, तो दिसावयास बर्फासारखा पांढरा, स्पर्शास बर्फासारखा थंड, आणि काडी लावली असतां मात्र ज्योत धरून जळूं लागणारा; जळतां जळतां त्यांतून पाणी ठिबकत असतें. या पदार्थास शास्त्रज्ञ ‘गॅस हायड्रेट’ असें म्हणतात. तो समुद्रतळाच्या खालीं व उत्तर ध्रुवाजवळील गोठलेल्या भूमींत सांपडतो. पृथ्वीचें हवामान तापत चाललें आहे, हें आपण वर्तमानपत्रांत नेहमीं वाचतों. या तापण्यामुळें हा बर्फ फुटेल, त्यांत कोंडलेला वायु एकाएकीं सुटेल व जगावर मोठा अनर्थ ओढवेल, अशी भीतिहि कोणी कोणी घालतात. या भीतींत तथ्य किती व अतिशयोक्ति किती, याचा शांतपणें विचार करावा, या हेतूनें आम्हीं हा विषय येथें घेतला आहे.

प्रथम हा पदार्थ आहे तरी काय, तें पाहूं. पाणी गोठतें तेव्हां त्याचे रेणु ठराविक आकृतींत एकमेकांस धरून राहतात व त्यांचा स्फटिक बनतो. साध्या बर्फांत ही रचना षट्कोनी असते. परंतु भोंवतीं मिथेनसारखा लहान रेणूंचा वायु विपुल असला, थंडी असली आणि दाबहि पुरेसा असला, तर पाण्याचे रेणु निराळ्याच रीतीनें रचले जातात. त्यांचे लहान लहान पिंजरे होतात व एकेका पिंजऱ्यांत वायूचा एकेक रेणु कोंडला जातो. मिथेनच्या हायड्रेटांत सामान्यतः पाण्याच्या ४६ रेणूंचा एक गट असून त्यांत दोन लहान व सहा मोठे, असे आठ पिंजरे असतात. पाणी व वायु यांचा येथें रासायनिक संयोग मुळींच होत नाहीं. पिंजऱ्यांतला पोपट कांहीं पिंजऱ्याचा भाग होत नाहीं, तसेंच हें आहे. मौज एवढीच कीं, येथें कैद्यावांचून तुरुंगहि उभा राहत नाहीं. आंत वायु नसेल तर ते पिंजरे टिकत नाहींत. या रचनेंत वायु इतका दाटीनें कोंडलेला असतो कीं, एक घनमीटर हायड्रेट फुटलें तर त्यांतून साध्या दाबाचा सुमारें १६४ घनमीटर वायु व सुमारें ०.८ घनमीटर पाणी निघतें. मिथेन म्हणजे दलदलींतून बुडबुड्यांच्या रूपानें वर येणारा व आपल्याकडील गोबरगॅसमध्यें जळणारा तोच वायु होय.

या पदार्थाचा शोध प्रथम लागला तो निसर्गांत नव्हे, प्रयोगशाळेंत. सर हंफ्री डेव्ही यांनीं इ. स. १८१०-११ च्या सुमारास क्लोरीन वायूवर प्रयोग केले. थंडींत जो घन पदार्थ शुद्ध क्लोरीनचाच म्हणून समजला जात होता, त्यांत पाणी असतें, असें त्यांनीं दाखविलें. पुस्तकबांधणीच्या दुकानांतून वर येऊन डेव्ही यांचे साहाय्यक झालेले मायकेल फॅरडे यांनीं १८२३ सालीं त्या पदार्थाचें पृथक्करण केलें. पुढें शंभर वर्षें हें एक पंडितांच्या कपाटांतील नवल होऊन राहिलें. १९३४ सालीं हॅमरश्मिट या अमेरिकन रसायनज्ञानें दाखवून दिलें कीं, नैसर्गिक वायूचे नळ थंडींत ज्या बर्फासारख्या बोळ्यांनीं तुंबतात, ते बोळे साध्या बर्फाचे नसून हायड्रेटाचे असतात. मनुष्यानें घातलेल्या नळांत हा पदार्थ आपोआप होतो, तर निसर्गांत कां होऊं नये, हा प्रश्न मग ओघानेंच उत्पन्न झाला. १९६० नंतरच्या दशकांत रशियन शास्त्रज्ञांनीं त्याचें उत्तर दिलें. पश्चिम सैबेरियांतील मेसोयाखा येथील वायुक्षेत्रांत गोठलेल्या भूमीच्या खालीं नैसर्गिक हायड्रेट असल्याचें त्यांस आढळून आलें.

आतां हायड्रेट कोठें टिकतें व कोठें टिकत नाहीं, याचा नियम ध्यानांत घेतला पाहिजे. कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभें आहे. त्यास दोन गोष्टी लागतात: थंडी आणि दाब. गोटी सोड्याची बाटली फोडण्यापूर्वीं आंतील वायु पाण्यांत निमूट बसलेला असतो. गोटी आंत ढकलली कीं दाब सुटतो आणि वायु फसफसून बाहेर धांवतो. बाटली उन्हांत तापलेली असेल तर तो अधिकच उसळतो. सोड्यांत वायु नुसता विरघळलेला असतो, हायड्रेटांत तो पिंजऱ्यांत असतो, हा भेद सोडला तर तत्त्व तेंच आहे. शून्य अंश सेंटिग्रेडवर मिथेनचें हायड्रेट टिकण्यास वातावरणाच्या सुमारें २६ पट दाब लागतो. पाण्याचा थर दर दहा मीटरांस एका वातावरणाइतका दाब वाढवितो. यावरून २६ पट दाबासाठीं सुमारें अडीचशें मीटर खोल जावें लागेल, हें कोणीहि विद्यार्थी काढील. थंडी शून्याच्या पुष्कळ खालीं असेल तर थोडा कमी दाब पुरतो. म्हणून ध्रुवप्रदेशांतील जमिनींत सामान्यतः दोनशें मीटरांच्या खालींच हायड्रेटास सुखानें राहतां येतें. उलट फार खोल गेलें तर पृथ्वीच्या पोटांतील उष्णता वाढत जाते व तेथेंहि तें टिकत नाहीं. सारांश, हायड्रेटाचें घर म्हणजे भूमीच्या पोटांतील कांहींशें मीटर जाडीचा एक पट्टा होय. त्यास वरूनहि सीमा आहे व खालूनहि आहे.

ज्या गोठलेल्या भूमीचा वर उल्लेख केला, तिला शास्त्रांत ‘पर्माफ्रॉस्ट’ म्हणतात. आपण तिला चिरगोठित भूमि म्हणूं. जी जमीन निदान दोन वर्षें लागोपाठ शून्य अंशावर किंवा त्याखालीं राहते, ती चिरगोठित, अशी तिची व्याख्या आहे. उन्हाळ्यांत तिचा वरचा थोडा थर वितळतो, त्यावर गवत उगवतें, परंतु खालची भूमि दगडासारखी कठीण राहते. उत्तर गोलार्धांतील भूभागाचा सुमारें पांचवा हिस्सा अशा प्रदेशांत मोडतो. सैबेरिया, अलास्का व कॅनडाचा उत्तर भाग हे त्याचे मुख्य देश होत. सैबेरियांतील याकुत्स्क नगरांत शेर्गिन नांवाच्या एका व्यापाऱ्यानें १८२८ पासून १८३७ पर्यंत पाण्यासाठीं विहीर खणली. ती ११६ मीटर खोल गेली, तरी पाणी नाहीं आणि गोठलेली जमीनहि संपेना! पुढें मिडेनडोर्फ या शास्त्रज्ञानें १८४४ ते १८४६ या काळांत त्याच विहिरींत निरनिराळ्या खोलींवर तपमान मोजलें. व्यापाऱ्यास जी विहीर निरुपयोगी झाली, ती शास्त्रास अशा रीतीनें फार उपयोगी पडली. आज आपणांस ठाऊक आहे कीं, सैबेरियाच्या कांहीं भागांत ही भूमि एक हजार मीटरांहूनहि खोल गोठलेली आहे.

अशा भूमींतील हायड्रेटाचा सर्वांत कसून अभ्यास झाला तो कॅनडाच्या वायव्य टोकास, मॅकेंझी नदीच्या मुखाशीं असलेल्या मॅलिक या ठिकाणीं. तेथें वर सुमारें सहाशें मीटर चिरगोठित भूमि असून तिच्याखालीं, नऊशें ते अकराशें मीटरांच्या दरम्यान, वाळूच्या कणांमधील पोकळ्यांत हायड्रेट भरलेलें आहे. १९९८ सालीं तेथें पहिली संशोधन-विहीर खोदली गेली. २००२ सालच्या दुसऱ्या मोहिमेंत जपान, कॅनडा, जर्मनी व अमेरिका यांच्याबरोबर आपला भारत देशहि सहभागी होता. २००८ सालीं तेथें दाब कमी करून सहा दिवस सतत वायु काढून पाहण्यांत आला. अलास्कांत २०१२ सालीं अशाच एका प्रयोगासाठीं खोदलेल्या विहिरीस ‘इग्निक सिकुमी’ असें नांव दिलें होतें. तेथील इन्युपिआक लोकांच्या भाषेंत त्याचा अर्थ ‘बर्फांतील अग्नि’ असा आहे. याहून समर्पक नांव शोधूनहि सांपडलें नसतें.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. पृथ्वीचें सरासरी तपमान २०११ ते २०२० या दशकांत, १८५० ते १९०० या काळाच्या मानानें, सुमारें १.१ अंशांनीं वाढलेलें होतें. आर्क्टिक प्रदेश तर सर्व जगाच्या सरासरीच्या कित्येक पट वेगानें तापत आहे. चिरगोठित भूमीसहि याची झळ लागली आहे. १९८६ सालीं अलास्कांतील तेलविहिरींच्या आंतील तपमानांवरून अनुमान काढण्यांत आलें कीं, तेथील भूमीचा पृष्ठभाग गेल्या कांहीं दशकांत किंवा फार तर शतकभरांत दोन ते चार अंशांनीं तापला आहे. २००७ ते २०१६ या काळांत जगांतील चिरगोठित भूमीचें तपमान सरासरीनें सुमारें ०.३ अंश वाढल्याचें ठिकठिकाणच्या विहिरींतील मोजमापांवरून दिसून आलें. हें सर्व निर्विवाद आहे. मग दोनशें मीटर खोल असलेलें हायड्रेट फुटूं लागलें आहे काय?

याचें उत्तर उष्णतेच्या चालीवर अवलंबून आहे, आणि जमिनींत उष्णतेची चाल गोगलगाईची आहे. आपल्या खेड्यांतील विहिरीचें पाणी वैशाखांत गार व पौषांत कोमट लागतें, हा सर्वांचा अनुभव आहे. त्याचें कारण हेंच कीं, वरील ऋतूंचा हेलकावा खोल पोंचेपर्यंत क्षीण होतो. दहा-वीस मीटरांच्या खालीं उन्हाळा कोणता व हिवाळा कोणता, हें जमिनीस कळतहि नाहीं. तापण्याचा वेळ खोलीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणजे खोली दुप्पट तर वेळ चौपट, खोली दसपट तर वेळ शंभरपट. ढोबळ हिशेबानें दहा मीटरांस सुमारें तीन वर्षें धरलीं, तर शंभर मीटरांस तीनशें वर्षें व दोनशें मीटरांस बाराशें वर्षें लागतील. मॅलिक येथील हायड्रेट नऊशें मीटरांवर आहे. त्यापर्यंत आजची उष्णता पोंचण्यास किती सहस्रकें लागतील, हें वाचकांनींच करून पाहावें.

एवढ्यावरच भागत नाहीं. बर्फ वितळतांना दर ग्रॅमास ८० कॅलरी उष्णता गिळतो आणि तपमान मात्र शून्यावरच राहतें, हें आपण पदार्थविज्ञानांत शिकलों आहों. हायड्रेट फुटतांना तर दर ग्रॅमास शंभराहून अधिक कॅलरी लागतात. म्हणून वरून येणारी उष्णता प्रथम जमिनींतील बर्फ वितळविण्यांत खर्च होते, व तेथून उरली तर हायड्रेटाच्या वांट्यास येते. शिवाय हायड्रेट फुटूं लागलें कीं तें स्वतःच भोंवतालची उष्णता शोषून जागा थंड करतें. आणि सुटलेल्या वायूमुळें आजूबाजूचा दाब वाढतो. थंडी व दाब हींच तर त्याचीं दोन कवचें! अशा रीतीनें तें आपल्या नाशास आपणच थोडाबहुत प्रतिबंध करतें.

तथापि सर्व ठिकाणीं परिस्थिति सारखी नाहीं. दोन ठिकाणें विशेष विचार करण्याजोगीं आहेत. पहिलें, सैबेरियाच्या उत्तरेचा उथळ समुद्र. मागील हिमयुगांत समुद्राची पातळी आजच्यापेक्षां सुमारें १२० मीटर खालीं होती व तो भाग उघडी, गोठलेली जमीन होता. हिमयुग संपलें, समुद्र चढला आणि ती भूमि पाण्याखालीं गेली. गोठणबिंदूच्या आसपासचें समुद्राचें पाणी आपणांस थंडगार वाटेल. परंतु पूर्वींच्या भयंकर गारठ्याच्या मानानें तें ऊबदार पांघरूणच होय. त्यामुळें ती भूमि हजारों वर्षें हळुहळू वितळतच आहे. तेथील पाण्यांतून मिथेनचे बुडबुडे वर येत असलेले संशोधकांनीं पाहिले. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार या समुद्रांतून दरवर्षीं सुमारें ८० लाख टन मिथेन हवेंत जातो; २०१६ सालीं दुसऱ्या संशोधकांनीं जहाजावरून घेतलेल्या मोजमापांवरून हा आंकडा सुमारें २९ लाख टनांवर आणला. मोठा आंकडा खरा धरला तरी तो जगांतील एकंदर मिथेन-उत्सर्गाच्या शंभरांत दीड भागाच्या आसपास आहे. त्यांतहि हायड्रेटापासून आलेला वायु किती व इतर मार्गांनीं आलेला किती, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे.

दुसरें ठिकाण पश्चिम सैबेरियांतील यामाल द्वीपकल्प. येथील नेनेत्स लोक रेनडियर हरणांचे कळप घेऊन ऋतुमानाप्रमाणें फिरत असतात. २०१४ च्या जुलै महिन्यांत येथें, आकाशांतून पाहतां विवरासारखा दिसणारा एक प्रचंड खड्डा आढळला. तो सुमारें पन्नास मीटर खोल होता व त्याच्या तळाशीं हवेंत मिथेनचें प्रमाण फार वाढलेलें आढळलें. भूमीखालीं दाबानें कोंडलेला वायु फुटून बाहेर पडला, यांत शंका नाहीं. हायड्रेटाचा त्यांत भाग किती, यावर वाद आहे. कारण तेथें कांहीं हायड्रेट नियमापेक्षां पुष्कळच वर, शंभर मीटरांच्याहि आंत, सांपडतें. असें हायड्रेट पूर्वींच्या काळचा अवशेष असावा. शून्याखालीं तें थोडें फुटलें कीं त्यांतील पाण्याचा लगेच बर्फ होऊन त्याचें कवच बसतें व आंतील भाग तगून राहतो. हें एक प्रकारचें आत्मरक्षण आहे. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लेखांत असें सुचविण्यांत आलें आहे कीं, उष्णता स्वतः खोल पोंचण्यापूर्वींच वितळलेलें पाणी भूमींतील खारट थरांत शिरतें, तेथें दाब वाढून वरची जमीन तडकते आणि दाब एकदम उतरल्यामुळें हायड्रेट फुटतें. हें मत खरें ठरल्यास, कांहीं विशिष्ट जागीं हायड्रेट आमच्या वरील हिशेबापेक्षां लवकर फुटूं शकेल. परंतु असे खड्डे त्या एका प्रदेशापुरतेच आढळले आहेत.

सुटलेला वायु हवेपर्यंत पोंचेलच, असेंहि नाहीं. वरची गोठलेली भूमि झांकणासारखी त्याची वाट अडविते. समुद्रांत त्याचा बराच भाग पाण्यांत विरघळतो. शिवाय मातींत व पाण्यांत मिथेनवर उपजीविका करणारे सूक्ष्म जंतु आहेत. ते मोठा वांटा वाटेंतच फस्त करतात. जो उरून हवेंत जातो तो मात्र उपद्रवी खरा. वजनास वजन धरलें तर शंभर वर्षांच्या हिशेबानें मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें २८ पट, आणि वीस वर्षांच्या हिशेबानें सुमारें ८० पट उष्णता अडवितो. तो हवेंत दहा-बारा वर्षेंच टिकतो, हें त्यांतल्या त्यांत समाधान.

भूतकाळाची साक्षहि येथें उपयोगी पडते. हिमयुगाच्या अखेरीस पृथ्वी तापली, तेव्हां हायड्रेटांतील वायु मोठ्या प्रमाणांत सुटला होता काय? अंटार्क्टिकाच्या जुन्या बर्फांत त्या काळच्या हवेचे बुडबुडे अडकून राहिले आहेत. त्यांतील मिथेनमध्यें किरणोत्सर्गी कार्बन किती आहे, यावरून तो वायु ताज्या वनस्पतींपासून झाला कीं फार जुन्या सांठ्यांतून आला, तें ओळखतां येतें. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या अशा संशोधनांत, त्या तापण्याच्या काळांत जुन्या सांठ्यांचा वांटा अगदीं थोडा होता, असें आढळलें.

या सर्व गोष्टींचा विचार करून, हवामानाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळानें आपल्या २०२१ च्या अहवालांत असा अभिप्राय दिला कीं, या शतकांत हायड्रेटांमुळें मिथेनच्या उत्सर्गांत ओळखूं येईल असा फरक पडणें फारच असंभवनीय आहे. जगांतील हायड्रेटांपैकीं चिरगोठित भूमीशीं निगडित असलेला भाग शंभरांत एकाच्या आसपासच असावा; बाकीचें बहुतेक सर्व खोल समुद्राच्या तळाखालीं आहे. तेव्हां ‘पृथ्वीच्या पोटांतील बाँब उद्यां फुटणार’, अशी हांकाटी करणाऱ्यांच्या म्हणण्यास आज पुरावा नाहीं, असें स्पष्ट म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु एवढ्यानें निर्धास्त होणें ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. चिरगोठित भूमीचें खरें भय खोल हायड्रेटांत नसून तिच्या वरच्या कांहीं मीटरांत आहे. तेथें हजारों वर्षांचा पालापाचोळा व मुळें कुजण्यास अवसर न मिळतां गोठून पडलीं आहेत. या प्रदेशांतील मातींत सुमारें दीड लाख कोटी टन कार्बन आहे, म्हणजे आजच्या सर्व वातावरणांत आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट! भूमि वितळली कीं हें सर्व कुजूं लागतें व त्यापासून कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन हे दोन्ही वायु निघतात. ही उष्णता पोंचण्यास सहस्रकें लागत नाहींत. वर्षें व दशकें पुरतात. शिवाय त्या भूमीवर बांधलेलीं घरें खचतात, रस्ते उंचसखल होतात, नळ तुटतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथें राहणाऱ्या लोकांच्या पायांखालची जमीन शब्दशः सरकते. दुसरें असें कीं, हवेंतील मिथेन १७५० सालच्या मानानें २०१९ पर्यंत अडीचपट झाला, तो मुख्यतः हायड्रेटामुळें नव्हे. खाणी, तेलविहिरी, वायूचे नळ, गुरें, भातशेती व कचऱ्याचे ढीग हीं त्याचीं मोठीं कारणें असून तीं मनुष्याच्या हातचीं आहेत.

आणि सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, जी उष्णता सावकाश खालीं जाते ती सावकाशच परत येते. आज वर तापलेल्या भूमीची ऊब उद्यां हवा तापावयाची थांबली तरी शतकानुशतकें खालीं उतरत राहील. भूमीच्या मंद चालीमुळें आपणांस सवड मिळाली आहे, माफी मिळालेली नाहीं. आपल्या पिढीनें केलेल्या कर्माचें फळ आपण जिचें तोंडहि पाहणार नाहीं अशा पिढीच्या पदरांत पडावें, हें न्यायाचें नव्हे. परमेश्वरानें मनुष्यास या पृथ्वीचा धनी नव्हे, तर कारभारी नेमिलें आहे, अशी आमची श्रद्धा आहे. आणि कारभाऱ्यास हिशेब द्यावाच लागतो.

विद्यार्थी-विद्यार्थिनींनीं या विषयापासून आणखी एक धडा घ्यावा. भयाची वार्ता ऐकतांच घाबरून जाऊं नये, व ती खोटी ठरली म्हणून हंसण्यावारीहि नेऊं नये. खोली किती, दाब किती, उष्णता किती वेळांत पोंचेल, हें कागद-पेन्सिल घेऊन मोजावें. आणि मोजून जें संकट खरें ठरेल, त्याच्या निवारणास मनापासून लागावें. शेर्गिनच्या कोरड्या विहिरींत तपमापक सोडणाऱ्या त्या शास्त्रज्ञानें हेंच केलें होतें.